मांजराचं पिल्लू देताय की मुलगी?

घोडबंदरकर:
ठाण्यात कासारवडवलीत भाड्याने राहतो. लेक सातवीत आहे, तिला मांजर हवंय आणि खरं सांगायचं तर आम्हालाही. विकतचं पर्शियन नको, रस्त्यावरून उचललेलं पिल्लू आणायचं असं ठरलं. एका फॉस्टर करणाऱ्या, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत पिल्लं सांभाळणाऱ्या बाईंनी टाकलेले फोटो पाहून फोन लावला. घर स्वतःचं की भाड्याचं, मालकाचं पत्र आहे का, खिडक्यांना जाळी आहे का, गणपतीला गावी गेलात की मांजर कुठे, दोघांचा पगार किती... शिवाय त्या घर बघायला येणार, आणि एकटं पिल्लू मिळणार नाही, जोडीच न्यायची. शेवटी भाडेकरू म्हणून नकार.

माझं म्हणणं असं की चाळणी इतकी बारीक ठेवली तर पिल्लू फॉस्टरकडेच मोठं होतं आणि मोठं झाल्यावर त्याला कुणी विचारत नाही. जागा अडते, पुढची पिल्लं पार्किंगमध्येच राहतात. नकार मिळालेला माणूस मुकाट पेट शॉपमध्ये जातो ते वेगळंच.

वर्तकनगरवाली:
मी फॉस्टर करते, त्यामुळे हे माझ्यावरच आहे असं धरून लिहिते. पगार विचारणं आगाऊपणा आहे, ते सोडा.

डोळे न उघडलेलं पिल्लू घरी येतं तेव्हा त्याला अंगाची ऊब राखता येत नसते. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची, आधी अंग गरम, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला पाजलं तर पचत नाही. गाईचं दूध नाही, जुलाब होतात. पिल्लांच्या दुधाची पावडर वेगळी मिळते. रात्रीसुद्धा दोन-तीन तासांनी पाजायचं आणि दर वेळी कोमट ओल्या कापसाने पुसून शू करवायची, कारण ते काम आई चाटून करते, पिल्लाला आपलं आपण जमत नाही. एवढं करून जगवलेलं पिल्लू 'बघू, जमलं तर ठेवू' म्हणणाऱ्याला का द्यायचं?

आता जाळी. मांजर पायांवर पडतं हे खरं, पण उंचावरून पायांवर पडूनही जबडा फुटतो, छातीला मार बसतो. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी काही मांजरं दातांनी कुरतडतात. सरकत्या खिडकीची चार बोटं फट पिल्लाला पुरते. तुमच्या घोडबंदरचे टॉवर किती उंच आहेत ते मी सांगायला नको.

भाडेकरूंना सरसकट नाही म्हणणं मलाही पटत नाही. पण अकरा महिन्यांचा करार संपतो, नवा मालक 'प्राणी नको' म्हणतो आणि फोन मला येतो. काहीजण तर फोनही करत नाहीत, मासळी बाजाराजवळ सोडून मोकळे होतात. प्राण्याची उपासमार होईल असं त्याला टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. तक्रार कोण करतो?

नौपाडा_जुना:
आमच्या वाड्यात मांजर 'आणायचं' नसे, ते यायचं. दूधभात खायचं, तांदळाच्या पोत्यावर झोपायचं. फॉर्म नाही, जाळी नाही. तुम्ही लोकांनी मांजरालाही केवायसी लावलं.

वर्तकनगरवाली:
काका, त्या मांजरांची पिल्लं किती जगायची ते पण सांगा की. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि जेमतेम नऊ आठवड्यांत वितेसुद्धा. वाड्यात मग मांजरांनी पाय ठेवायला जागा उरली नसती. उरायची, ती का?

नौपाडा_जुना:
काही पिल्लांना बोका मारायचा. काही पोत्यात घालून लांब सोडली जायची. बरं, हा मुद्दा तुमचा.

खाडीपल्याड_बेलापूर:
दोन्ही बाजू मला अर्धवट वाटतात. आमच्या बेलापूरच्या दिवाळे गावच्या मासळी बाजारात या. पिल्लं गोंडस म्हणून लोक उचलून नेतात, फोटो टाकतात, घर मिळवून देतात. आई तिथेच. काही आठवड्यांत ती पुन्हा माजावर. दत्तकाचा एवढा सोहळा करण्यापेक्षा आईला पिंजऱ्यात पकडा, नसबंदी करा, ओळखायला कानाचं टोक कापा आणि जागेवर सोडा. तिला घर नकोच आहे. दोन ते सात आठवड्यांच्या वयात माणसाचा हात लागला नाही तर ते मांजर पुढे सहसा मांडीवर येत नाही. तिला फ्लॅटमध्ये कोंडणं हा माणसाचा हट्ट.

वर्तकनगरवाली:
आईबद्दल शंभर टक्के मान्य. पण बाटलीवर वाढलेल्या पिल्लाला 'जागेवर' म्हणजे कुठे सोडू? त्याला कुत्र्याची भीतीसुद्धा माहीत नसते.

लसटोचक:
घोडबंदरकरांच्या बाजूने एक मुद्दा, जो कुणी काढला नाही. फॉस्टरचं घर तुंबलं की आजार येतो. मांजरांचा पार्वो, म्हणजे पॅनल्यूकोपेनिया, एकाला झाला तर लस न झालेली बाकीची पिल्लं पटापट जातात. विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो. लोक फिनाइलने फरशी पुसतात, त्याने हा विषाणू मरेल याची खात्री नाही आणि मांजरांना फिनाइल विषारी. पातळ केलेलं ब्लीच लागतं. सहा-आठ आठवड्यांपासून लस सुरू होते, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस. पहिला डोस झाला की पिल्लू लवकर हललेलं बरं. महिनाभर 'योग्य घर' शोधत बसणं हाही धोकाच आहे, फक्त तो खिडकीसारखा दिसत नाही.

घोडबंदरकर:
धन्यवाद, हे मला मांडता आलं नसतं. जाळी मी लावतो, स्टीलची. मालकाशीही बोलतो. सोसायटीचं म्हणाल तर भारतीय पशु कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमतानेसुद्धा पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, मग मांजरावर कशी घालणार, तेव्हा सेक्रेटरी बोलला तर बघून घेईन. पण जोडी नाही. एकाच्या खर्चाची तयारी आहे, दोघांच्या नाही, आणि हे आधीच सांगणारा माणूस जास्त भरवशाचा नाही का?

वर्तकनगरवाली:
एकटं पिल्लू दिवसभर बंद घरात कंटाळतं, रात्री पाय चावतं, आणि महिन्याभरात 'हिंसक आहे, परत न्या' असा मेसेज येतो. म्हणून जोडी. घरात आधीचं मांजर असेल तर मी एकटं देते. तुमच्याकडे नाही, तर मोठं मांजर का नाही घेत? स्वभाव कळलेला असतो, नसबंदी झालेली असते, दिवसभर झोपतं. माझ्याकडे एक काळी आहे, तीन वर्षांची, दुसरं मांजर दिसलं की फिस्कारते. तिला एकटंच राहायचंय. काळी म्हणून फोन येत नाहीत.

घोडबंदरकर:
लेकीला पिल्लूच हवंय हो.

खाडीपल्याड_बेलापूर:
घ्या! चाळणी दोन्हीकडून असते, साहेब.

घोडबंदरकर:
टोमणा पोचला. फोटो पाठवा, दाखवतो तिला. पगार मात्र सांगणार नाही.