देखणा, पण लक्षात न राहणारा
ग्राफिक्स दमदार असले की गेम लक्षात राहतोच, हे मला अजिबात पटत नाही. २०१५ चा 'द ऑर्डर: १८८६' घ्या. प्लेस्टेशन ४ वर तेव्हा इतका देखणा गेम क्वचितच होता. धुक्यातलं व्हिक्टोरियन लंडन, कोटाची वीण न् वीण दिसायची. थर्माइट रायफल तर अफलातून! आधी शत्रूभोवती भुकटी उडवायची, मग फ्लेअर मारून ती पेटवायची. पण ती हातात येते मोजक्याच वेळा, याचं खरंच वाईट वाटतं. बाकी वेळ आडोशाला बसून गोळ्या झाडा, नाहीतर पडद्यावर दिसेल ते बटण दाबा. लायकनशी, म्हणजे अर्ध्या माणूस-अर्ध्या लांडग्याशी, चाकूने होणारी मोठी लढाईसुद्धा दोनदा, जवळपास जशीच्या तशी. कथा ऐन रंगात आल्यावर अर्धवट सोडली आणि पुढचा भाग काही आलाच नाही.