'द सोप्रानोज'चा शेवटचा भाग : टोनी दारातून आत येतो तो क्षण कोणाकडे टेप केलेला आहे का? (मदत हवी आहे)

नमस्कार. न्यू जर्सीतला माफिया टोळीप्रमुख टोनी सोप्रानो याच्यावरच्या या मालिकेचा १० जून २००७ रोजी दाखवलेला शेवटचा भाग ज्यांनी अजून पाहिलेला नाही, त्यांनी कृपया पुढे वाचू नये, कारण मला पडलेला प्रश्न शेवटच्या पाच मिनिटांबद्दलच आहे आणि शेवट उघड केल्याशिवाय तो मांडता येणार नाही.

मी १९९८च्या डिसेंबरात नोकरीनिमित्त न्यू जर्सीतल्या एडिसनला आलो आणि पुढच्याच महिन्यात ही मालिका सुरू झाली. शीर्षकाच्या वेळी टोनी लिंकन बोगद्यातून बाहेर पडून टर्नपाइक या महामार्गाने घरी निघतो, तो रस्ता मला त्या मालिकेने आधी दाखवला आणि नंतर मी स्वतः गाडी चालवत पाहिला. गेली आठ वर्षे, मध्ये पडलेले लांबलचक खंड धरून, आम्ही तीन मराठी कुटुंबे रविवारी रात्री एकत्र बसून ही मालिका पाहत आलो आहोत. त्यामुळे तिचा शेवट नेमका काय झाला, हे मला ठाऊक नसावे, ही गोष्ट मला गेल्या रविवारपासून मनापासून खुपते आहे.

घडले ते असे. टोनीचे कुटुंब होल्स्टेन्स या खाणावळीत जेवायला जमते आहे. त्याची मुलगी मेडो गाडी लावून रस्ता ओलांडून धावत येते, दारावरची घंटा वाजते, टोनी मान वर करतो, आणि पडदा काळा होतो. मला वाटले, केबल गेली. मी ताडकन उठलो, मागच्या तारा हलवल्या, केबलचा डबा बंद करून पुन्हा चालू केला आणि तो पूर्ववत होईपर्यंत नामावलीसुद्धा संपून गेली होती. शेजाऱ्यांकडेही नेमके हेच झाले, हे दुसऱ्या दिवशी कळले. वर्तमानपत्रांत वाचल्यावर तर समजले की देशभर असंख्य लोक त्या वेळी आपापल्या केबल कंपनीला दोष देत होते. माझे नुकसान मात्र त्याहून थोडे अधिक झाले, कारण व्हीसीआरवर टेप लावून ठेवली होती आणि त्या धांदलीत माझ्या हातून भलतीच कळ दाबली जाऊन शेवटचा सगळा प्रसंग पुसला गेला. आठवड्यात भाग पुन्हा दाखवला, तेव्हा मी कामासाठी बाहेरगावी होतो.

आता मुख्य मुद्दा. आमच्या तीन घरांत दोन तट पडले आहेत. माझे म्हणणे असे की टोनी मरतो, आणि ते मी केवळ मनाला वाटते म्हणून म्हणत नाही. होल्स्टेन्सच्या त्या प्रसंगात कॅमेरा एक नियम पाळतो, असे मला पाहताना जाणवले: दारावरची घंटा वाजते, टोनीचा चेहरा दिसतो, आणि मग टोनीला जे दिसते ते आपल्याला दिसते. एक बाई आत येते, टोपी घातलेला माणूस येतो, टोनीची पत्नी कार्मेला येते, 'मेंबर्स ओन्ली' छापाचे जाकीट घातलेला माणूस आणि त्याच्या मागोमाग टोनीचा मुलगा एजे येतो. हा क्रम एकदा डोळ्यांत बसला की शेवटची घंटा वाजल्यावर, टोनीने मान वर केल्यावर, आपल्याला टोनीला जे दिसले तेच दिसायला हवे. आपल्याला दिसला तो काळोख. शिवाय ८ एप्रिलच्या भागात तळ्यावर होडीत बसलेला बॉबी, म्हणजे टोनीच्या बहिणीचा नवरा, म्हणतो की गोळी लागते तेव्हा बहुधा ऐकूसुद्धा येत नसेल. शेवटच्या भागाच्या आदल्या आठवड्यात, म्हणजे शेवटून दुसऱ्या भागाच्या अखेरीस, टोनी बंदूक उराशी धरून पलंगावर पडलेला असताना त्याला नेमके तेच बोलणे आठवते. हे निष्कारण पुन्हा ऐकवले असेल, असे मला वाटत नाही.

माझ्या पत्नीचा आक्षेप एकच आहे, पण तो मला टाळता येत नाही. ती म्हणते की हा नियम पहिल्याच वेळी मोडलेला आहे. टोनी होल्स्टेन्सच्या दारात उभा राहतो, आत पाहतो, आणि पुढच्या चित्रात, म्हणजे त्याच्या नजरेला जे दिसायला हवे त्यात, तो स्वतःच टेबलाशी बसलेला दिसतो. हे जर खरे असेल, तर 'टोनीला दिसते तेच आपल्याला दिसते' हे माझे गृहीतक सुरुवातीलाच डळमळते, कारण कोणताही माणूस दारात उभा राहून स्वतःला बसलेला पाहू शकत नाही. मला ते चित्र अजिबात आठवत नाही.

म्हणून विनंती अशी आहे की ज्यांच्याकडे हा भाग टेप केलेला आहे, त्यांनी कृपया दोन गोष्टी नीट पाहून सांगाव्यात. एक, टोनी दारात उभा असताना त्याच्या चेहऱ्यानंतर लगेच काय दिसते. दोन, शेवटी घंटा आधी वाजते की टोनी मान आधी वर करतो. कोणी टेप पाहायला दिली तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

— टर्नपाइककर

प्रतिसाद : हडसनकाठ

आत्ताच भाग पुन्हा लावून, तो प्रसंग थांबवत थांबवत पाहिला. आपल्या पत्नीचे म्हणणे बरोबर आहे. टोनी दारात उभा राहून आत नजर टाकतो, त्याचा चेहरा दिसतो, आणि मग दारातून दिसावे तसे सबंध दुकान दिसते, ज्यात टोनी आधीच मधल्या टेबलाशी बसलेला आहे. तो चालत गेला, बसला, असे काहीही दाखवलेले नाही. प्रथम मला हा केवळ वेळ वाचवण्यासाठी केलेला काप वाटला. पण एरवी या प्रसंगात वेळ कोठेही वाचवलेला नाही, उलट मेडोची गाडी लावण्याची धडपड तीन वेळा दाखवली आहे, तेव्हा हा काप मुद्दामच केलेला असणार.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की घंटा आधी वाजते, मग टोनी वर पाहतो आणि त्याच क्षणी गाण्यासकट सगळे तुटते. त्यानंतर सुमारे दहा सेकंद काळा, निःशब्द पडदा आहे आणि नामावलीलाही संगीत नाही. आपण केबलचा डबा हलवत होता, ते याच दहा सेकंदांत.

आपल्या बाजूने एक पुरावा मी जोडतो. १५ एप्रिलच्या भागात टोनीचा उजवा हात सिल्व्हिओ जेवायला बसलेला असताना त्याच्यासमोरच न्यूयॉर्कच्या टोळीतल्या गेरी टोर्चियानोला गोळ्या घातल्या जातात, तो प्रसंग आठवा. तेथे आवाज आधी दबतो आणि काय झाले हे सिल्व्हिओला अंगावर रक्त उडेपर्यंत कळत नाही. खाणावळीत, जेवताना, आपल्या माणसासमोर आलेला मृत्यू कसा जाणवतो, हे दिग्दर्शकांनी आठच आठवड्यांपूर्वी आपल्याला दाखवून ठेवले होते.

प्रतिसाद : पासाइकवासी

मला आलेल्या एका ई-मेलमध्ये सगळा उलगडा केलेला आहे. त्या जाकीटवाल्या माणसाचे नाव नामावलीत निकी लिओटार्डो असे आहे आणि तो टोनीच्या शत्रूचा, न्यूयॉर्कच्या टोळीप्रमुख फिलचा, पुतण्या आहे. टोपीवाला माणूस एका जुन्या भागात मारल्या गेलेल्या ट्रकचालकाचा भाऊ आहे, आणि शेवटी आत आलेले दोन कृष्णवर्णीय तरुण म्हणजे पहिल्या वर्षी टोनीवर गोळ्या झाडणारेच आहेत. म्हणजे टोनीला मारण्याचे कारण असलेले सगळे जण तेथे जमलेले आहेत. एवढे स्पष्ट असताना वाद कशाला?

प्रतिसाद : हडसनकाठ

पासाइकवासी, तो ई-मेल मलाही तीन ठिकाणांहून आला आणि म्हणूनच मी नामावली थांबवून वाचली. त्यात निकी लिओटार्डो हे नाव कोठेही नाही. त्या पात्राचा उल्लेख फक्त 'मेंबर्स ओन्ली जाकीट घातलेला माणूस' एवढाच आहे. ती भूमिका करणारे गृहस्थ पेन्सिल्व्हेनियातील पिझ्झाच्या दुकानाचे मालक आहेत आणि या मालिकेत ते यापूर्वी कधीही दिसलेले नाहीत, असे छापूनही आले आहे. पहिल्या वर्षीच्या हल्ल्यातील दोघांपैकी एक तर त्याच भागात जागीच मेला होता, तो पुन्हा कसा येईल? कृपया तो ई-मेल पुढे पाठवू नये. अशा बनावट पुराव्यांमुळे खऱ्या पुराव्यांवरचाही विश्वास उडतो.

जाकिटाचा खरा दुवा वेगळाच आहे. मार्च २००६मध्ये सहाव्या पर्वाचा जो पहिला भाग दाखवला, त्याचे नावच 'मेंबर्स ओन्ली' होते आणि त्याच भागाच्या शेवटी ज्युनिअर काकाने टोनीच्या पोटात गोळी झाडली होती. तो माणूस टोनीच्या टेबलाजवळून शौचालयाकडे जातो, तेव्हा 'गॉडफादर'मधला मायकेल शौचालयात लपवलेले पिस्तूल घेऊन बाहेर येतो ते आठवल्याशिवाय राहत नाही, आणि टोनीच्या टोळीतल्या लोकांना तो चित्रपट तोंडपाठ आहे.

प्रतिसाद : शैलजा_मॉन्टक्लेअर

मी दुसऱ्या तटातली आहे आणि माझा आक्षेप कॅमेऱ्याच्या नियमाला नाही, तर त्यावरून काढलेल्या निष्कर्षाला आहे. टोनीला मारणार कोण, याचे उत्तर आपल्यापैकी कोणीही दिलेले नाही. फिलचा काटा काढायला त्याच्याच माणसांनी संमती दिली, त्याच्या हाताखालच्या बुचीने टोनीशी तह केला आणि फिल पेट्रोलपंपावर मेला. ज्याच्याकडे कारण होते तोच उरला नाही. उलट टोनीच्या टोळीतला कार्लो सरकारला फुटला आहे आणि खटला उभा राहण्याची शक्यता ८० ते ९० टक्के असल्याचे वकील टोनीला सांगतो. टोनीसमोर जे येऊन ठेपले आहे ते न्यायालय आहे.

मला या भागाचा गाभा वेगळ्याच ठिकाणी दिसतो. टोनी स्मृती गेलेल्या ज्युनिअर काकाला भेटायला जातो आणि सांगतो की तुम्ही आणि माझे वडील, दोघांनी मिळून उत्तर जर्सी चालवली. तेव्हा काका भाबडेपणाने विचारतो, "आम्ही?" साऱ्या आयुष्याची गुंडगिरी, खून, सत्ता, आणि त्याला त्यातले काहीही आठवत नाही. मग होल्स्टेन्समध्ये एजे बापाला आठवण करून देतो की चांगले दिवस आठवत राहावे, असे तुम्हीच एकदा म्हणाला होता. १९९९च्या एप्रिलमध्ये, पहिल्या पर्वाच्या शेवटी, बाहेर वादळ आणि आत मेणबत्त्या अशा रात्री आर्टीच्या खाणावळीत टोनी आपल्या मुलांना तसेच काहीसे म्हणाला होता. त्यावर आता टोनी काय विचारतो? "मी म्हणालो होतो?" काकाचेच उत्तर पुतण्याच्या तोंडी आले आहे. आपल्या आयुष्यातील सर्वांत चांगला क्षणही त्याला आठवत नाही. पडदा काळा होणे म्हणजे मला तेच वाटते: या माणसाजवळ जपून ठेवण्यासारखे काहीही उरत नाही. त्यासाठी गोळीची गरज नाही.

प्रतिसाद : टर्नपाइककर

सर्वांचे मनापासून आभार. हडसनकाठ यांनी एवढे कष्ट घेऊन पाहिले, यासाठी मी त्यांचा ऋणी आहे. पत्नीला तिचे म्हणणे बरोबर असल्याचे मी काल रात्रीच सांगितले.

शैलजाताई, आपण दाखवून दिलेले "आम्ही?" आणि "मी म्हणालो होतो?" यांचे नाते मला स्वतःहून कधीच दिसले नसते आणि ते वाचल्यापासून त्या टेबलावरचा सगळा प्रसंग मला अधिक करुण वाटू लागला आहे. चौघे मिळून जेवायला आले आहेत, टोनी कांद्याच्या रिंग्जची तारीफ करतो, प्रत्येक जण चर्चमध्ये प्रसाद घ्यावा तशी अख्खी रिंग तोंडात ठेवतो, आणि चौथी खुर्ची अजून रिकामी आहे. तरीही मारणारा कोण हे आपल्याला माहीत नाही, म्हणून मृत्यू झाला नाही, हा युक्तिवाद मला मान्य करता येत नाही. बॉबीला मारायला आलेली माणसे बॉबीच्या ओळखीची नव्हती. रेल्वेच्या खेळण्यांच्या दुकानात तो हातातली गाडी पाहत असताना ती आत आली.

दारातल्या चित्राबद्दल मी दोन दिवस विचार करतो आहे आणि माझे मत थोडे बदलले आहे. टोनी दारातून पाहतो आणि त्याला स्वतःच बसलेला दिसतो, हा नियमभंग मानण्याऐवजी तीच नियमाची पहिली ओळ मानली, तर शेवटाचा अर्थ लागतो, असे मला वाटते. पहिल्या चित्रात पाहणारा आणि पाहिला जाणारा, दोन्ही टोनीच आहेत. त्यानंतर प्रत्येक घंटेला तो पाहतो आणि आपण त्याच्या डोळ्यांनी पाहतो. शेवटच्या घंटेला पाहणाराच उरत नाही. मात्र हे मला सिद्ध करता येत नाही, हे मी मान्य करतो. मालिकेचे निर्माते डेव्हिड चेस यांनी 'स्टार लेजर' या वर्तमानपत्राला सांगितले आहे की ते काहीही समजावून देणार नाहीत आणि जे आहे ते सगळे पडद्यावर आहे. तेव्हा पडद्याकडेच परत जायला हवे.

त्यासाठी आणखी एक शंका राहिली आहे. ती दोन मुले आत येतात तेव्हा टोनी घंटेच्या आवाजावर वर पाहतो का, की त्या वेळी कॅमेरा त्याच्या नजरेची वाट न पाहताच त्यांना दाखवतो? तेथे नियम पाळलेला नसेल, तर माझा युक्तिवाद पुन्हा लंगडा होईल.

प्रतिसाद : हडसनकाठ

तेवढे एक मी लक्षपूर्वक पाहिलेले नाही आणि आठवणीवरून सांगण्याची आता माझी तयारी नाही. टेप आपल्यासाठी काढून ठेवली आहे. शनिवारी सकाळी दहानंतर आम्ही घरीच आहोत. पत्नीलाही घेऊन या, म्हणजे चौघे मिळून एकेक चित्र थांबवून पाहू.

प्रतिसाद : टर्नपाइककर

शनिवारी साडेदहापर्यंत पोहोचतो. शैलजाताई, मॉन्टक्लेअरहून आपल्याला येणे शक्य असेल, तर आपणही यावे. दुसऱ्या तटाचे माणूस समोर असल्याशिवाय मी जे पाहीन त्यावर माझाच विश्वास बसणार नाही.