मदत हवी आहे: नाशिकची फीमाफी घ्यावी की पुण्याला पाठवावं?

नमस्कार मंडळी. मुलीचा कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) नाशिकच्याच एका कॉलेजात कॉम्प्युटरला नंबर लागलाय. ओबीसी, उत्पन्न 8 लाखांच्या आत, म्हणून 2024 च्या शासन निर्णयाने ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ. पण तिचा जीव पुण्याच्या एका अभिमत विद्यापीठात अडकलाय. तिथे ही माफी नाही. वर्षाला 4 लाख, होस्टेल-मेस वेगळं.

पिंपळगावला दीड एकर द्राक्षबाग आहे, पण गेल्या हंगामात निम्मे घड जिरले. काल रात्री तिनेच वहीच्या मागच्या पानावर कर्जाच्या हप्त्याचा हिशेब मांडला अन् गप्प बसली. तेच जास्त लागलं मनाला.

कुणाची मुलं कर्ज काढून अशा ठिकाणी शिकलीत का? पहिल्या पगारातून हप्ता खरंच निघतो? सीट परवापर्यंत कन्फर्म करायचीय.