देवावर विसंबणे म्हणजे रोज नेमके काय करणे? (अनुभव धागा)

चर्चमध्ये साक्ष देण्याची वेळ आली की आपल्यापैकी बहुतेकांना मोठ्या घटनाच आठवतात: टळलेला अपघात, ध्यानीमनी नसताना मिळालेली नोकरी, डॉक्टरांनी हात टेकल्यावर उठून बसलेला रुग्ण. त्या साक्षींविषयी मला आदर आहे; परंतु त्या ऐकून ऐकून अशी समजूत होऊन बसते की देवावर विसंबण्याचा प्रसंग वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या वेळी येतो आणि मधले सगळे दिवस आपण आपल्याच बळावर रेटायचे असतात. ‘आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस’ हे बायबलच्या नीतिसूत्रांतील वचन पाठ नसलेला माणूस आपल्या मंडळ्यांमध्ये सापडणे कठीण. कांद्याचा भाव पडलेला असताना किंवा मुलाची फी भरायची असताना ते वचन कसे पाळले जाते, हे मात्र आपण एकमेकांना क्वचितच सांगतो. म्हणून हा धागा काढला आहे. चमत्कार बाजूला ठेवून रोजच्या व्यवहारातले लिहावे, आणि ज्यांना मागितले ते मिळाले नाही त्यांनीही संकोच न करता लिहावे, ही विनंती.

सुरुवात म्हणून एका सर्वपरिचित उदाहरणाची आठवण देतो. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हा अमेरिकेतील त्यांच्या हितचिंतकांच्या मंडळाने दहा वर्षे खर्च उचलण्याचे वचन दिले होते. ती मुदत संपत आलेली असतानाच १८९६-९७ चा दुष्काळ पडला आणि मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली-स्त्रिया बाईंनी पुणे जिल्ह्यातील केडगावला आणल्या. बांधलेले उत्पन्न नसताना एवढी तोंडे पोसायची म्हणजे देवावर भार टाकण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि बाईंनी तो टाकला. पण त्याच केडगावात विहिरी खणल्या गेल्या, शेती आणि विणकाम चालले, छापखाना उभा राहिला, आणि बाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर तिथल्याच स्त्रियांनी खिळे जुळवून छापले. प्रार्थना आहे म्हणून तिथे कुदळ कोणी बाजूला ठेवली नाही. या दोन गोष्टी तुमच्या घरात एकत्र कशा नांदतात, हे मला वाचायचे आहे.

श्रीरामपूर तालुका, शेतकरी

आमच्या घरी उन्हाळ कांदा असतो. तो मार्च-एप्रिलमध्ये काढून चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, भरला की पुढचे सगळे महिने शेतकऱ्याच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत राहतो: आज विकू की थांबू? थांबावे तर चाळीत सड लागते आणि वजन घटते. विकावे तर पुढच्याच आठवड्यात भाव चढल्याची बातमी येते. या काळात माझे वडील फार चिडचिडे होत असत, आणि माझाही स्वभाव त्यांच्यावरच गेला आहे. लग्नानंतर पत्नीने एक रीत घातली. कांदा चाळीत जाण्यापूर्वी आम्ही दोघे वहीत लिहून काढतो की घरखर्च, बियाणे आणि सोसायटीचे देणे यांसाठी किती माल मिळेल त्या भावाने विकायचा आणि किती राखायचा; मग त्या वहीवर हात ठेवून प्रार्थना करतो. पहिल्या पट्टीतला (विक्रीच्या हिशेबातला) दशांश, म्हणजे देवासाठी काढायचा दहावा हिस्सा, भाव कळण्याच्या आधीच ठरलेला असतो. एकदा हे झाले की रोज मोबाइलवर बाजारभाव पाहत बसायचे नाही, असा तिचा दंडक आहे, आणि तो मला सर्वांत अवघड जातो. यामुळे आम्हांला भाव अधिक मिळाला असे मी म्हणणार नाही. कित्येकदा शेजाऱ्याने आमच्यापेक्षा चांगला भाव साधला आहे. पण आडत्याशी बोलताना माझा आवाज चढत नाही, आणि ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ ही मागणी संध्याकाळच्या उपासनेत म्हणताना ती खरोखर आजच्या भाकरीपुरती असते, पुढच्या दिवाळीच्या भावासाठी नसते.

आमच्या चर्चमधील कापणीच्या सणाविषयीही लिहितो, कारण मला हा विषय तिथे समजला. सणाच्या दिवशी जो तो आपल्या उत्पन्नातील काही तरी आणतो आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. कोणी ज्वारीचे पोते आणतो, कोणी कोंबडा, कोणी शेवग्याच्या शेंगांची जुडी. एके वर्षी शेतमजुरी करणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी पदराच्या टोकात बांधून एकच अंडे आणले. ज्याने ते बोली लावून घेतले त्याने पैसे भरले आणि अंडे परत टेबलावर ठेवले. दुसऱ्यानेही तसेच केले, मग तिसऱ्यानेही, आणि शेवटी त्या अंड्याची रक्कम पोत्याच्या रकमेला मागे टाकून गेली. बाई मागच्या सतरंजीवर बसून हसत होत्या. आपल्याजवळचे थोडके पुढे ठेवल्यावर त्याचे किती व्हायचे हे ठरवणारे आपण नसतो, एवढे त्या दिवशी मला प्रवचनाशिवाय कळले.

सांगली जिल्हा, निवृत्त परिचारिका

नगर, सोलापूर, जालना या भागांतील ख्रिस्ती घरांतून नर्सिंगला गेलेल्या मुलींची आता तिसरी-चौथी पिढी चालू आहे, मीही त्यांतलीच. माझे शिक्षण मिरजेत झाले, जिथे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले होते. शस्त्रक्रियेपूर्वी प्रार्थना करण्याची मिशन दवाखान्यांतील रीत मी पुढे इतरत्र नोकरी करतानाही मनातल्या मनात पाळली. ती केल्यावर मी काय करीत असे, ते सविस्तर लिहिते, कारण धाग्याचा प्रश्न नेमका तोच आहे.

पोट शिवण्यापूर्वी वापरलेले गॉजचे तुकडे मोजावे लागतात. हे काम एकटीने, मनात मोजून कधीच करायचे नसते. टेबलाजवळची परिचारिका आणि बाहेर फिरणारी परिचारिका या दोघींनी मोठ्याने मोजायचे, फळ्यावरील आकड्याशी ताडायचे आणि जुळले तरच डॉक्टरांना सांगायचे. ‘मला पक्के आठवते, सगळे बाहेर आले आहेत’ या वाक्याला शस्त्रक्रियागृहात किंमत नाही. तरुणपणी मला वाटे की प्रार्थना ही एक गोष्ट आणि ही मोजदाद दुसरी. प्रार्थना श्रद्धेची, मोजदाद नियमाची. पुढे मला दोन्ही एकच वाटू लागल्या, कारण दोन्हींमध्ये माणूस आपल्या स्वतःच्या खात्रीवरचा भरवसा काढून घेतो. एकदा मोजणी एका तुकड्याने कमी भरली आणि ज्येष्ठ शल्यविशारद घाईत होते. त्यांचा दरारा असा होता की त्यांच्यासमोर कोणी तोंड उघडत नसे. मी ‘प्रभू, मला बोलायला लाव’ एवढीच प्रार्थना केली आणि म्हणाले, ‘सर, मोजणी जुळत नाही, कृपया थांबा.’ ते रागावले, परंतु थांबले, आणि तुकडा आतच सापडला. याला मी चमत्कार म्हणत नाही. भिडस्त स्वभावाच्या माझ्यासारखीला ते वाक्य माझ्या बळावर उच्चारता आले नसते, एवढे मात्र मी शपथेवर सांगेन.

याच्या उलट बाजूही लिहिली पाहिजे. क्षयरोगाचे साधे उपचार साधारणपणे सहा महिन्यांचे असतात; पण दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढते, आणि इथेच रुग्ण गोळ्या सोडतात. अर्धवट सोडल्यास जंतू त्या औषधांना दाद देईनासे होतात आणि मग उपचार लांबतात, महागतात, कधी कधी हाताबाहेर जातात. आमच्या वस्तीतील एका तरुणाला एका प्रार्थनासभेत सांगण्यात आले की आरोग्य मिळाल्यावरही गोळ्या घेत राहणे म्हणजे अविश्वास. त्याने त्या बंद केल्या. मी त्याच्याशी वाद घातला तो उपयोगी पडला नाही. शेवटी आमच्या पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी त्याला शास्त्र सांगितले नाही. दर रविवारी उपासना संपली की ते दाराशी उभे राहून त्याच्याकडून गोळ्यांचे रिकामे पाकीट मागून घेऊ लागले आणि ते हातात घेऊनच त्याच्यासाठी प्रार्थना करू लागले. मुलाने उपचार पुरे केले. देवावर विसंबा असे सांगून जे कोणी माणसाला औषधापासून तोडतात ते त्याला देवाच्या हाती सोपवत नसून स्वतःच्या शब्दावर विसंबायला लावतात, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते सौम्य करण्याची माझी इच्छा नाही.

वसई, गृहिणी

आम्ही कॅथलिक, आमच्या घरी रोज संध्याकाळी रोझरीची माळ होते आणि मला वाटत असे की याहून अधिक विसंबणे ते काय असणार? जुलै २०१८ च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरले, वीज गेली, आणि वाडीतील केळी पाण्यात उभी राहिली. आमच्या धर्मग्रामातील (चर्चच्या हद्दीतील) तरुण छातीभर पाण्यातून खिचडीची पातेली घेऊन घरोघर येत होते. त्यांना मी ‘आमच्याकडे आहे, पुढे द्या’ असे सांगून परत पाठवले, कारण आजवर आमच्या घराने दिले होते, घेतले नव्हते. सासूबाई, वय ऐंशीच्या पुढचे, आतून ओरडल्या, ‘काल रात्री माळेत देवाकडे अन्न मागितलेस ना? मग ते आणणाऱ्याला परत कशाला पाठवतेस?’ त्या दिवशी आम्ही ती खिचडी खाल्ली. तेव्हापासून कोणी मदत देऊ केली की मी आधी ‘हो’ म्हणते, आणि अजूनही मला ते जड जाते.

जालना, शिक्षिका

ज्यांची प्रार्थना पुरी झाली नाही त्यांनी लिहावे असे म्हटले आहे, म्हणून लिहिते. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझे पती गेले. मंडळीने साखळी-प्रार्थना केली होती, उपवास केले होते. त्यानंतर भेटायला आलेल्या काहींनी ‘देवाची योजना’ हे शब्द वापरले. त्यांचा हेतू चांगला होता, पण मला ते ऐकवत नसत. मला आधार मिळाला तो बायबलच्या स्तोत्रसंहितेतील तक्रारींचा. ८८ वे स्तोत्र अंधारावरच संपते. शेवटी दिलाशाची ओळ नाही, आभार नाहीत, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. म्हणजे देवाशी असेही बोलता येते. पुष्कळ महिने मी एवढीच प्रार्थना करीत होते: ‘मला तुझ्याशी बोलायचे नाही, आणि हे मी तुलाच सांगते आहे.’ याला विसंबणे म्हणायचे की नाही, ते वाचणाऱ्यांनी ठरवावे. मी बोलणे थांबवले नाही, इतकेच मला माहीत आहे.

दुबई, लेखापाल

माझे थोडक्यात. २०२० मध्ये पगार रखडले तेव्हा आमच्या मराठी प्रार्थनागटातील घरांनी ठरवले की कोणाकडे किती शिल्लक आहे ते शुक्रवारच्या उपासनेनंतर उघडपणे सांगायचे. (तेव्हा इथे शुक्रवारची सुटी असे; शनिवार-रविवार २०२२ पासून आले.) आकड्यांत वावरणाऱ्या माझ्यासारख्याला स्वतःचा बँकेतील आकडा चारचौघांत सांगणे हे उपवासापेक्षा कठीण गेले. ज्यांचे भाडे थकले होते त्यांचे भाडे भरले गेले. माझेही एकदा भरले गेले.

पुणे, खासगी नोकरी

मला एक प्रश्न विचारायचा आहे. नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जावे, उत्पन्नाचे देव पाहील, असे मला फार तीव्रतेने वाटते. घरी पत्नी आणि नववीतील मुलगी आहे. हा विश्वास म्हणायचा की अविचार?

सातारा, निवृत्त पाळक

बंधू, तुमच्या प्रश्नाला आमच्या साताऱ्यात एक जुने उत्तर आहे. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि इथे ‘देवाचा दरबार’ सुरू केला. मिशनच्या पैशावाचून, देव देईल त्यावर राहणारी माणसे जमवावीत, ही त्यांची कल्पना. १९१९ मध्ये ते वारले, त्यामुळे त्यांना ती फार काळ चालवता आली नाही. त्यांच्या विश्वासाविषयी मला शंका नाही. मात्र त्यांच्या हातात पैसा टिकत नसे आणि त्यापायी घर चालवताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची कशी ओढाताण होई, ते बाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. प्रत्येक तरुण सेवकाने टिळकांचे अभंग वाचावेत आणि त्यानंतर लगेच बाईंचे ते वाचावे, असा माझा आग्रह असतो. प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरीत असे आणि त्यामुळे त्याचे प्रेषितपण उणे झाले नाही. तेव्हा तुमच्या मनात आलेले आधी पत्नीला सांगा. प्रार्थना झाली आहे, आता फक्त कळवायचे आहे, अशा सुरात सांगू नका. तिला ‘नाही’ म्हणता येईल अशा रीतीने विचारा. देवाचे बोलावणे असेल तर ते तिच्याही कानी पडेल, आणि तोवर तुमचा पगार हाही त्याच्याकडूनच येतो आहे.

पुणे, खासगी नोकरी

पत्नीशी बोललो. तिचा नकार नाही, परंतु मुलीची दहावी होईपर्यंत थांबावे, असे तिचे म्हणणे आहे. तोवर शनिवारी वस्तीतल्या मुलांचा अभ्यासवर्ग आणि रविवारी दुपारी रुग्णभेटी, एवढे दोघांनी मिळून करायचे ठरले आहे. अभ्यासवर्गासाठी गणित शिकवणारे कोणी पुण्यात असल्यास कृपया कळवावे. माझे गणित नववीपुढे जात नाही.