म्हातारपण नसलेल्या जगाच्या गोष्टी: तुमचे अनुभव सांगा

काल आईची नखं कापत होते. तिच्या हातावरची कातडी चिमटीत धरली की थोडा वेळ तशीच उभी राहते, आणि एकदम २०११ चा 'इन टाइम' सिनेमा आठवला. त्यात पंचविशीनंतर कुणाचं वय वाढतच नाही, हातावर घड्याळ उलटं पळतं, शून्यावर आलं की मरण, आणि पगार भाडं सगळं पैशांऐवजी त्याच वेळात. बसचं भाडं एका तासाचं दोन तास झालेलं, नायकाच्या आईकडे दीडच तास उरलेला, ती पळत सुटते आणि मुलाच्या मिठीत संपते. तेव्हा त्या पळण्यानेच रडले होते. काल वाटलं, पन्नाशीची बाई ती, मुलाच्याच वयाची दिसते, तिने काय काय सोसलं ते त्याला चेहऱ्यावरून कधी कळलंच नसणार. तुम्हाला अशा गोष्टींनी काय झालं?

तिला बसमध्ये न घेणारा तो ड्रायव्हर!! अजून राग येतो मला त्याचा. बाकीचं नंतर लिहिते, बाळ उठलं

अमेरिकन लेखक कर्ट व्होनेगटची १९६२ ची कथा. म्हातारपण हरवलंय, अमेरिकेची लोकसंख्या ४ कोटींवर बांधलेली, बाळ जगायचं तर कुणीतरी मरायला तयार पाहिजे. एकाला तिळं होणार असतं आणि मरायला तयार फक्त आजोबा. वाचली तेव्हा बायकोची सोनोग्राफी दोन दिवसांवर होती, ठोका दिसला आणि मी बाहेर जाऊन उभा राहिलो

अरे बापरे दादा. बाळ बरंय ना?

हो हो, सहावीत आहे आता

गलिव्हरमधले स्ट्रलडब्रग कुणी वाचलेत? १७२६ चं पुस्तक. तिथे उलटं, मरण नाही पण म्हातारपण चालूच, ८० ला कायद्याने मेलेले धरतात. वाक्याच्या शेवटी येईपर्यंत सुरुवात विसरतात म्हणून वाचताही येत नाही. माझी आजी पेपरातली एकच ओळ बोट ठेवून परत परत वाचायची, त्यामुळे ते पान मी पुढे वाचूच शकले नाही

साध्या पेशी साधारण ४० ते ६० वेळा विभागतात मग थांबतात, हेफ्लिक मर्यादा म्हणतात. बाबांच्या केमोच्या वेळी डॉक्टर म्हणाले, ह्या कॅन्सरच्या पेशींना थांबणं माहीतच नाही. तेव्हापासून कुणी कायम तरुण राहायचं म्हटलं की मला तो वॉर्डच दिसतो

काळजी घ्या हो. बाबा कसे आहेत?

गेले, तीन वर्षं झाली

ताई, वयाने होतंच ते कातडीचं, पण पाणी कमी पितात का आई, तेही बघा एकदा

हो गं, मागतच नाही ती. आता पेला घेऊनच बसते तिच्याजवळ