चांगल्या कागदावर पानाच्या खालच्या अर्ध्यात शाई तुटते, काय करू? (फाउंटन पेन)

मंडळी, मदत हवी आहे. फाउंटन पेन वापरणारे इथे बरेच जण आहेत हे माहितीये म्हणून विचारतेय. जरा लांबलचक होईल पण सगळं नीट सांगितलं तरच कोणाला काही सुचेल.

मी रोज सकाळी एक पान लिहिते. काही खास नाही, काल काय झालं, आज काय करायचंय, डोक्यात जे घोळत असतं ते. आधी जेल पेनने लिहायचे, वर्षभर झालं फाउंटन पेन घेतलंय आणि तेव्हापासून त्या पंधरा मिनिटांची मी आदल्या रात्रीपासून वाट बघते. दाबावं लागत नाही, हात दुखत नाही, हे तर आहेच, पण मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे ओळ लिहून झाली की ती ओली असताना खिडकीच्या उजेडात चमकते आणि मग डावीकडून एकेक अक्षर करत ती चमक विझत जाते. मी बऱ्याचदा पुढची ओळ सुरू करायची थांबून ते बघत बसते.

तर प्रॉब्लेम असा की गेला दीड महिना पानाच्या वरच्या दहा-बारा ओळी एकदम सुरेख येतात आणि पान अर्ध्यावर आलं की शाई तुटायला लागते. शिरोरेघ मध्येच गायब होते, कान्याचा वरचा भाग उमटत नाही, आणि अनुस्वार तर बऱ्याच ठिकाणी पडतच नाहीत. अनुस्वार म्हणजे निब नुसती टेकवून उचलायची असते, तेवढ्या वेळात शाई उतरतच नाही. काल वाचायला घेतलं तर 'अंगात' लिहिलेलं 'अगात' दिसत होतं. मग मी प्रत्येक टिंब दोनदा-तीनदा गिरवते आणि लिहिण्याची सगळी लय जाते.

पेन साधं आहे, स्टीलची मीडियम निब, आत कन्व्हर्टर (शाई ओढून भरायची छोटी नळी). शाई साधी निळी, चमकी वगैरे काही नसलेली. वही मात्र चांगली आहे, कागद ५२ जीएसएमचा, म्हणजे हाताला अगदी पातळ लागतो पण शाई पलीकडे उतरत नाही. आणि याच वहीची पहिली चाळीसेक पानं याच पेनने, याच शाईने वरपासून खालपर्यंत मस्त लिहिली गेली आहेत, मी परत परत उघडून बघितलंय.

आत्तापर्यंत काय काय केलं ते सांगते: निब आणि तिच्याखालची जीभ (जिच्यातून शाई निबपर्यंत येते) काढून कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून धुतली, साध्या पाण्याने खळखळून घेतली, एक दिवस वाळवली, तरी तेच. शाई बदलली, तरी तेच. दुसरं पेन लावून बघितलं तर त्यातही तेच, थोडं कमी. भिंगातून निब बघितली, दोन्ही पाती सरळ एका रेषेत आहेत. आणि मला चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे हेच पेन ऑफिसच्या साध्या प्रिंटरच्या कागदावर शेवटच्या ओळीपर्यंत एकदाही अडकत नाही. फक्त तिथे शाई इतकी फुटते की प्रत्येक अक्षराला बारीक केस फुटल्यासारखे दिसतात, 'भ' आणि 'म' मधली पोकळी भरून जाते.

म्हणजे चांगल्या कागदावर पेन रुसतं आणि वाईट कागदावर धावतं. दोष पेनचा म्हणायचा की कागदाचा?

अजून दोन बारीक प्रश्न इथेच विचारून घेते. ऑफिसात कागद बदलणं माझ्या हातात नाही, तर त्या कागदावर कमी फुटेल अशी शाई कोणती? आणि घरात कपाटात बाबांचं एक जुनं पेन सापडलंय, आत शाई वाळून गच्च झालीये, टोपण उघडतं पण निबचा भाग फिरत नाही. जोर लावू का?

प्रतिसाद १

मला कन्व्हर्टरवर संशय येतोय. काही कन्व्हर्टरमध्ये शाई वरच्या टोकाला चिकटून बसते, खाली सरकतच नाही, मग जिभेत जेवढी साठलेली असते तेवढ्यावर दहा-बारा ओळी होतात आणि पुढे उपास. शाई तुटायला लागली की लगेच पेन उघडून बघा, कन्व्हर्टरमध्ये शाई वर अडकलीये का. असेल तर टिचकी मारली की खाली येते. कायमचा उपाय म्हणजे कन्व्हर्टर एकदा साबणाच्या पाण्याने धुवायचा.

दुसरी शक्यता, निबच्या टोकाच्या आतल्या कडा जास्त घासल्या गेल्या असतील तर शाई चिरेच्या तोंडाशी येऊन थांबते, कागदाला टेकतच नाही. असं पेन गुळगुळीत कागदावर अडतं आणि खरखरीत कागदावर चालतं, तुमचं वर्णन जुळतंय. पण मग पहिल्या ओळीपासून व्हायला हवं, अर्ध्या पानानंतर का ते मला कळत नाहीये.

प्रतिसाद २

ताई, पेनला काही करू नका, निबला तर हातच लावू नका, बिचारी चांगली आहे. दोन वेगवेगळी पेनं, दोन शाया आणि जागा तीच म्हटल्यावर मी कागदाकडे बघेन, आणि त्याहीपेक्षा तुमच्या तळहाताकडे.

आधी हे समजून घ्या की फाउंटन पेन शाई ढकलत नाही. निबखालच्या जिभेत बारीक खाचा असतात, त्यांतून शाई खाली येते आणि तिच्या जागी हवा वर जाते, १८८४ साली वॉटरमनने पेटंट घेतलं ते असल्याच जिभेचं. पण शेवटचं ओढण्याचं काम कागद करतो. खरखरीत, मोकळ्या तंतूंचा कागद शाई अधाशासारखी ओढतो, म्हणून तिथे पेन धावतं आणि म्हणूनच तिथे शाई फुटते. एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत या. तुमच्या वहीच्या कागदावर पाणी सहज शिरू नये म्हणून चांगला लेप असतो, तो शाई हळूहळू घेतो, म्हणून कडा रेखीव येतात आणि तुम्हाला ती ओली चमक बघायला मिळते. पण अशा कागदावर जरासा तेलकटपणा आला की संपलं, शाई टेकते पण धरतच नाही.

आणि आपण लिहिताना हात कुठे असतो? ओळीच्या खाली. पहिल्या दहा ओळी लिहीपर्यंत तळहाताची कड पानाच्या खालच्या भागावर घासत असते. म्हणजे ज्या जागी आपण नंतर लिहिणार ती आपणच आधी तेलकट करून ठेवतो.

खरं-खोटं करायला दोन गोष्टी करा. एक, नवीन पान घ्या, हात न टेकवता खालच्या अर्ध्यातून लिहायला सुरुवात करा. दोन, दुसऱ्या कोऱ्या पानावर वरच्या एका कोपऱ्यात तळहात दाबून धरा आणि मग त्या जागेवरून आरपार एक लांब रेघ मारा. काय दिसतं ते इथे येऊन सांगा.

आणि एक विचारायचंय: पहिली चाळीस पानं चांगली होती म्हणता, मग दीड महिन्यापूर्वी नेमकं काय बदललं?

प्रतिसाद ३

वरच्यांशी सहमत, मी ऑफिसच्या कागदाबद्दल लिहिते कारण त्यात माझी बरीच वर्षं गेलीत.

पहिलं म्हणजे जीएसएमच्या मागे लागू नका. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये, बस. ए-४ चे सोळा कागद मिळून साधारण एक चौरस मीटर होतो, म्हणून ८० जीएसएमचा एक ए-४ कागद ५ ग्रॅमचा. त्यावरून शाई फुटेल की नाही हे अजिबात कळत नाही. तुमची वही ५२ ची आहे आणि फुटत नाही, प्रिंटरचा कागद बहुधा ७० किंवा ८० चा असेल आणि फुटतो. लेप कसा दिलाय त्यावर सगळं आहे.

कागद बदलता येत नसेल तर शाई कमी उतरेल असं बघायचं. सगळ्यात मोठा फरक निबने पडतो, ऑफिससाठी बारीक निब ठेवा, आणि जपानी फाइन घेतलीत तर ती युरोपातल्या फाइनपेक्षा सहसा आणखी बारीक असते. मराठी लिहायला ती फार छान, 'क्ष', 'ष्ठ', 'र्त्य' असली जोडाक्षरं मीडियमने गिचमिड होतात ती मोकळी दिसतात.

शाईत म्हणाल तर कोरडी वाहणारी घ्या. पेलिकनची ४००१ निळी त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याहून पुढे जायचं तर आयर्न गॉल शाई, उदा. प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक किंवा रोरर अँड क्लिंगनरची सॅलिक्स. यात लोखंडाचा क्षार आणि टॅनिन असतं, लिहिताना निळी दिसते आणि कागदावर हवा लागली की काळपट होत जाते, तुम्हाला ओळ वाळताना बघायला आवडतं म्हणालात, तर ही शाई तुमच्यासाठीच आहे. साध्या कागदावर फुटते कमी आणि पाणी सांडलं तरी लिहिलेलं राहतं. फक्त ती आम्लधर्मी असते, पेनमध्ये महिनोन्महिने तशीच ठेवायची नाही, वापरत राहायचं आणि ठरावीक दिवसांनी साध्या पाण्याने धुवायचं. इंडिया इंक म्हणून चित्रकलेची काळी शाई मिळते ती मात्र चुकूनही भरू नका, ती जिभेत वाळली की पेन गेलंच समजा.

बाबांच्या पेनला जोर लावू नका, कळकळीने सांगतेय. निबचा भाग बुडेल एवढ्याच गार पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी पाणी बदला, परत ठेवा. चार-पाच दिवस लागले तरी चालेल. गरम पाणी नको, जुनं प्लॅस्टिक वाकतं. स्पिरिट तर अजिबात नको. जुन्या पेनांत कधीकधी आत रबराची नळी असते, ती वर्षानुवर्षांत कडक झालेली असते आणि पिळलं की तुकडे होतात.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मंडळी, काय बोलू! तीन दिवस थांबून सगळं करून बघितलं आणि मग लिहितेय.

आधी कन्व्हर्टर. शाई तुटल्या तुटल्या उघडला, शाई व्यवस्थित खाली होती. म्हणजे ते नाही.

मग वही खालून सुरू केली. हात वहीच्या बाहेर टेबलावर ठेवून लिहिलं, अवघड गेलं पण खालच्या आठही ओळी अखंड आल्या, एक अनुस्वार चुकला नाही. आणि मग तळहाताचा प्रयोग. कोपऱ्यात हात दाबून धरला, मनात तीस आकडे मोजले, आणि डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढली. माझ्या डोळ्यांसमोर ती रेघ सरळ निळी चालली होती, जिथे हात होता तिथे पोचल्यावर बारीक बारीक थेंबांची माळ झाली, आणि तिथून बाहेर पडली की परत अखंड. उजेडात पान तिरकं धरलं तर हाताच्या कडेचा पुसट डागसुद्धा दिसला. एरवी कधीच लक्ष गेलं नसतं.

आणि दीड महिन्यापूर्वी काय बदललं ते विचारलंत ना, ते वाचलं आणि मी जागेवरून उठून बाथरूममध्ये जाऊन बघून आले. हात कोरडे पडायला लागले म्हणून मी तेव्हापासून सकाळी अंघोळीनंतर हाताला क्रीम लावते. आणि लगेच लिहायला बसते! शिवाय मला पान उघडलं की त्यावरून एकदा हात फिरवायची सवय आहे, कागद इतका मऊ आहे की फिरवल्याशिवाय राहवत नाही. म्हणजे क्रीमचा हात मीच पानभर पुसत होते आणि दोष बिचाऱ्या निबला देत होते. वरच्या ओळींवर हात कमी टेकतो म्हणून त्या वाचत होत्या.

आता असं करतेय: क्रीम लिहून झाल्यावर. हाताखाली टीपकागदाचा एक तुकडा, ओळ खाली गेली की तोही खाली सरकवायचा. पहिल्या दिवशी अडचण वाटली, आज तिसऱ्या दिवशी लक्षातही आलं नाही. तिन्ही दिवसांची पानं शेवटच्या ओळीपर्यंत एकसारखी आहेत. एकच विचारायचंय, जी पानं माझ्या हाताने आधीच खराब झालीत (पुढची दोन-तीन कोरी पानंसुद्धा थोडी चाळून ठेवली होती) त्यांना काही करता येतं का, की तिथे पेन्सिल वापरू?

ऑफिससाठी बारीक निबचं पेन मागवलंय, शाई आयर्न गॉल घ्यायचं नक्की केलंय, आली की दोन्ही कागदांवरचे नमुने इथे टाकते.

बाबांचं पेन दोन दिवस पाण्यात आहे. पहिल्या रात्री काहीच झालं नाही, पाणी स्वच्छच. काल सकाळी बघितलं तर निबच्या चिरेतून एक निळा धागा सुटला होता, सरळ खाली ग्लासच्या तळापर्यंत, आणि तळाशी त्याचं एक बारीकसं वेटोळं झालं होतं. बाबा निळीच वापरायचे हे मला तोपर्यंत आठवत नव्हतं. निब अजून फिरत नाहीये, मी जोर लावलेला नाही. आज परत पाणी बदललंय.

प्रतिसाद २

फार बरं वाटलं वाचून. खराब झालेल्या पानांना काही करू नका, पुसायला गेलात तर लेप निघेल. पेन्सिल चालेल, नाहीतर भरभरून वाहणारी शाई लावून बघा, हलक्या डागावरून ती बऱ्याचदा निभावून नेते. पेन सुटलं की मात्र लगेच कळवा, आणि आत रबराची नळी निघते का तेही सांगा, म्हणजे पुढे शाई कशी भरायची ते बघू.