चिरलेल्या पालेभाजीसाठी यूव्ही पेटी घ्यावी का?

जुडीवाली:
नमस्कार. मी आमच्या आणि शेजारच्या दोन सोसायट्यांत पालेभाजी निवडून, चिरून देते. रोज चाळीसेक पारदर्शक डबे. मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर. पहाटे जुड्या आणते, तीन पाण्यांतून धुते, पंच्यावर निथळवते, चिरते, फ्रीजमध्ये ठेवते. माझ्या गिऱ्हाइकांत एका काकूंची केमोथेरपी चालू आहे. परवा त्यांनी विचारलं, "जंतू राहत नाहीत ना गं?" मला छातीठोकपणे हो म्हणता आलं नाही, आणि तेव्हापासून जिवाला चैन नाही. एक विक्रेता यूव्ही (अतिनील) दिव्याची पेटी दाखवतोय. म्हणतो, भरलेले डबे आत ठेवा, पाच मिनिटांत निर्जंतुक. घेऊ का?

पॅकहाउसवाला:
ताई, आधी डब्यांचं बोलतो. ते बहुतेक पेट (PET) प्लास्टिकचे असणार. या दिव्यांचा जंतू मारणारा प्रकाश २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा. तो पेटमधून किंवा साध्या काचेतून आत जातच नाही. झाकलेला डबा पाच मिनिटं ठेवा नाहीतर पाच तास, भाजीपर्यंत काही पोचणार नाही.

मी नऊ वर्षं चिरलेल्या भाजीच्या पॅकहाउसमध्ये गुणवत्ता बघतोय. दिवा काम करतो. जंतूच्या डीएनएवर घाव घालतो, त्याची वाढ खुंटते. पण प्रकाश पडेल तेवढ्याच जागी. मेथीचं पान पानाला चिकटलं की खालचं सावलीत. पालकाच्या सुरकुतीत किंवा चिरलेल्या कडेच्या आत शिरलेला जंतू वाचतो. आम्ही पालक जाळीवर एकेरी थरात पसरून वरून-खालून दिवे लावले होते. मात्रा म्हणजे तीव्रता गुणिले वेळ: चौरस मीटरला १० वॉट पडत असतील तर १०० सेकंदांत १ किलोज्यूल. मात्रा फार वाढवली तेव्हा चौथ्या दिवशी कडा तपकिरी पडल्या. पानावर किती वॉट पडतात, हे त्या विक्रेत्याला विचाराच.

आणि तीन पाण्यांवरही विसंबू नका. २००६ साली अमेरिकेत पाकीटबंद पालकातून ई. कोलाय हा जंतू पसरला, सुमारे २०० लोक आजारी पडले. तो पालक धुतलेलाच होता. धुण्याच्या पाण्यात आम्ही क्लोरीन ठेवतो तेही मुख्यतः एका पानावरचा जंतू पाण्यातून शंभर पानांवर जाऊ नये म्हणून. तुमच्या हातात आहे ते म्हणजे सडकी पानं निर्दयपणे काढणं, धारदार सुरी (चेचलेल्या कडेतून रस सुटतो, जंतूंना तेच हवं असतं) आणि ५ अंशांच्या खालचा फ्रीज.

मळेकरीण:
पेटी घेतलीच तर दार उघडताच दिवा बंद होतो का ते बघा. उघड्या दिव्याने माझ्या भावाचे डोळे रात्रभर वाळू गेल्यासारखे खुपत होते.

जुडीवाली:
दादा, ताई, मनापासून आभार. पेटी घेत नाही. त्या पैशांत वेगळा फ्रीज बघते, घरच्या फ्रीजचं दार दिवसभर उघडझाक होतं.

काकूंकडे आज जाऊन आले. जंतू राहतात, असं स्पष्ट सांगितलं. त्यांना आता चिरलेलं काही देणार नाही. अख्खी ताजी जुडी देईन, त्या घरीच धुऊन पूर्ण शिजवतील. वरून पेरायची कच्ची कोथिंबीर डॉक्टरांना विचारेपर्यंत बंद. हिरमुसल्या थोड्या. मग म्हणाल्या, "पातळभाजीत घालून उकळली तर चालेल ना?" त्याला मात्र मी लगेच हो म्हटलं.